आत्तीचा निराधारचा पगार बंद झालाय, तहसीलला सगळी तोंडी उत्तरं, तक्रार नेमकी कुठं करायची?

माळावरचा_गडी:

नमस्कार मंडळी. सातारा जिल्हा, तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाय कारण काम अजून तिथंच अडकलंय आणि उद्या परत त्याच खिडकीत उभं राहायचंय.

माझी आत्ती विधवा आहे, मामा जाऊन १२ वर्षं झाली. तिला संजय गांधी निराधार योजनेचा पगार, म्हणजे महिन्याचं सरकारी अनुदान, चालू होता, आधी ६००, मग १०००, आणि आता १५०० झालेला. जानेवारीपासून एक रुपया नाय. मार्चपर्यंत आम्हाला वाटलं सगळ्यांचंच लेट चाललंय, कारण मध्येच ते डीबीटी का काय ते, सरकारकडनं थेट खात्यात पैसे टाकायचं, सुरू झालं आणि गावात सगळेच बोंबलत होते, पण शेजारच्या काकूंचे दोन महिन्यांचे एकदम आले तेव्हा कळलं की आपलंच कायतरी घोडं अडलंय.

बँकेत गेलो तर म्हणाले वरनंच आलं नाय. तहसीलला पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा म्हणाले आधार लिंक करून आणा, ते केलेलंच होतं, तिसऱ्यांदा एका मॅडमनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणल्या यादीत नाव दिसत नाय. का दिसत नाय म्हणलं तर, "मुलगा पुण्यात नोकरीला असंल की." आता मुलगा पुण्यात आहे खरा, पण कंत्राटी हाय, खोलीचं भाडं भरून त्याचंच भागंना.

आत्तीचे गुडघे गेलेत. दोन एसट्या बदलून येते बिचारी आणि येताना ती एक साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी घेऊन येते, त्यात पासबुक, आधार, रेशनकार्ड आणि १२ वर्षांपूर्वीचं मंजुरीचं पत्र, ते घडीवर फाटलंय म्हणून मागनं चिकटपट्टी लावलीय. ती पिशवी खिडकीत सरकवते आणि समोरचा माणूस न उघडताच परत सरकवतो. मला त्याचाच जास्त राग आला, पैशापेक्षा.

बाहेर एक एजंट ३००० मागतोय. आता सांगा, आपले सरकारवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन तक्रारीच्या साइटवर टाकू, माहिती अधिकार टाकू, का आणखी कुठं जाऊ? मला पयलं पाऊल कुठलं तेवढं सांगा.

कंदीपेढा:

आमदारसाहेबांच्या ऑफिसला जा, पीएला भेटा, एका फोनमध्ये काम. पगार मंजूर करणाऱ्या संजय गांधी समितीचा अध्यक्ष कोण असतो माहिताय ना. कागदं रंगवत बसाल तर दिवाळी जाईल.

हळदीचं_पेव:

दादा, आधी एक गोष्ट बघा, बंद झालाय का दुसरीकडंच जातोय. हसू नका, आमच्याकडं सांगलीला हेच झालं होतं. सासूबाईंचा पगार सहा महिने नाय म्हणून आम्ही तहसीलच्या चकरा मारतोय आणि पैसे मुकाट पोस्टाच्या खात्यात जमा होतायत! झालं असं की लाडकी बहीणच्या वेळंला गावात पोस्टाची खाती धडाधड उघडली, माझं काढायला गेले तेव्हा यांचंपण अंगठा लावून काढून घेतलं, वय बसत नव्हतं म्हणून फॉर्म काय भरला नाय पण खातं मात्र उघडून बसलं. आता डीबीटी आधारवर जातं, म्हणजे तुम्ही अर्जात कुठला खातेनंबर दिलाय ते ते बघत नाय, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलंय तिकडं पैसे जातात.

त्यामुळं मायआधारच्या साइटवर जाऊन बँक सीडिंग स्टेटस बघा, म्हणजे डीबीटीसाठी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, आत्तींचा आधारला जोडलेला मोबाईल जवळ पायजे, ओटीपी येतो. बँकेचं नाव आणि चालू आहे का बंद ते दिसतं. "आधार लिंक आहे" हे बँकेतला शिपाई सांगतो ते वेगळं आणि हे सीडिंग वेगळं, दोन्हीची गल्लत करू नका.

माळावरचा_गडी:

ताई लगेच बघितलं. जुन्याच बँकेला जोडलंय आणि ॲक्टिव्ह दाखवतंय. पोस्टात खातंच नाय तिचं. म्हणजे ते नसावं.

टपालवाले_काका:

मी महसूलमधून निवृत्त आहे, त्यातली काही वर्षं संगायोच्या, म्हणजे संजय गांधी योजनेच्या टेबलावर काढलीत, त्यामुळं शिव्या खायची सवय आहे, बिनधास्त द्या.

पहिली गोष्ट, तुम्ही अजून तक्रार केलेलीच नाही. तीन वेळा गेलात, बोललात, ऐकून आलात, पण ऑफिसच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. खिडकीत बोललेलं वाऱ्यावर जातं. टपाल टेबलावर कागद दिला, त्यावर आवक नंबर पडला की तो रजिस्टरला चढतो, कुणाच्या तरी नावावर प्रलंबित दिसायला लागतो, आणि प्रलंबित संदर्भांची यादी निघाली की साहेब त्याला विचारतात, हे का ठेवलंय. आमच्या टेबलाला घाम फुटायचा तो एवढ्या एकाच गोष्टीनं, कुणाच्या आरडाओरड्यानं नाही.

म्हणून उद्या जाताना अर्ज दोन प्रतीत न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊन या. तो शिक्का मिळाल्याशिवाय हलायचं नाही. "ठेवा, बघतो" म्हणाले तर म्हणायचं, पोच द्या, मग ठेवतो.

अर्जात काय लिहायचं हे जास्त महत्त्वाचं. लोक लिहितात "मी गरीब विधवा बाई असून माझ्यावर अन्याय झाला आहे तरी कृपा व्हावी". याच्यावर कारकुनाला काहीच करता येत नाही हो, कृपेची टिपणी घालता येत नाही. तुम्ही असं लिहा की माझे अनुदान जानेवारीपासून जमा झालेले नाही, माझे नाव लाभार्थी यादीतून कमी केले आहे काय, केले असल्यास कोणत्या तारखेच्या निर्णयाने, कोणी आणि कोणत्या कारणास्तव, त्या निर्णयाची प्रत मिळावी, आणि कमी केले नसल्यास थकलेली रक्कम जमा व्हावी. बस. सोबत पासबुकच्या शेवटच्या पानाची आणि त्या चिकटपट्टीवाल्या मंजुरीपत्राची झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, मी जरी समोर बसलेलो असलो तरी. पहिल्या अर्जात तक्रार हा शब्दपण नको आणि मुलाच्या नोकरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, त्यांनी लेखी विचारलं तर लेखी सांगायचं. मॅडम बोलल्या "असंल की", तो निर्णय नाही, तो अंदाज आहे, त्याच्यावर भांडत बसाल तर तुम्हीच त्यांना कारण पुरवाल.

आता माझा अंदाज सांगतो. आत्तींच्या आधारवर जन्मतारीख काय आहे बघा. ०१/०१ असंल आणि साल १९६० असंल तर कोडं सुटलं. संजय गांधी ६५ पर्यंत, त्याच्या पुढं श्रावणबाळ, म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठीची पगाराची योजना. कागदोपत्री ६५ झाल्या की इकडून नाव निघतं आणि तिकडं चढवायचं असतं, पण ते चढवायचं राहिलं की माणूस दोन्हीकडून गेला. पूर्वी आम्ही बँकेला यादी आणि चेक पाठवायचो, तेव्हा हातानं एक नाव या यादीतून त्या यादीत जायचं, आता पोर्टलवर ते तसं होत नाही.

माळावरचा_गडी:

काका पाया पडतो. आधार काढून बघितलं, ०१/०१/१९६०!!

आणि गंमत सांगू का, आत्तीचं खरं वय एवढं नायच. आज्जी सांगायची की कोयनेचा भूकंप झाला त्या साली हिला शाळंत घालायचं होतं, भूकंप १९६७ चा, म्हणजे ही ६२ ची तरी धरा. आधार काढणाऱ्या पोरानं विचारलं जन्मतारीख, ही म्हणली लेका मला काय ठावं, त्यानं गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्या १ जानेवारीला जन्माला घातल्या. आमच्या आळीत १ जानेवारीला केक कापायचा म्हणला तर बेकरी कमी पडंल.

मग आता आधारवरची तारीखच दुरुस्त करू का? म्हणजे ती परत ६५ च्या आतच येईल.

टपालवाले_काका:

अजिबात हात लावू नका. शाळेचा दाखला आहे का? नाही. मग कशाच्या जोरावर बदलणार, आणि बदललंच तर रेशनकार्ड, मतदार यादी, बँक, सगळीकडं वेगळं वय, मग तो घोळ निस्तरेपर्यंत ती खरीच ६५ ची होईल. रक्कम दोन्ही योजनांत १५०० च आहे. श्रावणबाळमध्ये घाला आणि मोकळे व्हा.

पण तो अर्ज मात्र द्याच. अंदाज माझा आहे, कारण त्यांच्या सहीनं आलं पाहिजे.

मिरजकर_सध्या_परदेशी:

वाचून मजा वाटली, म्हणजे वाईटपण वाटलं. मी मूळ मिरजेचा, १५ वर्षं इंग्लंडात आहे. इथं म्हाताऱ्या माणसांची घरी येऊन देखभाल करायची व्यवस्था कौन्सिल करते, आपल्या नगरपालिकेसारखंच पण ही जबाबदारीपण त्यांच्याकडं. माझ्या सासूबाईंना पॅरालिसिस झाल्यावर दिवसातनं चार वेळा बाई यायची, उठवायला, जेवायला घालायला, औषध, झोपवायला. एक दिवस फोन आला की आता दोन वेळाच येईल. का, तर रिव्ह्यू झाला. कधी झाला? फोनवर झाला म्हणे! ज्या बाईला धड बोलता येत नाही तिचा फोनवर रिव्ह्यू.

मीपण पहिले दोन आठवडे फोनवर भांडण्यातच घालवले, अगदी तुमच्यासारखंच. मग एका ओळखीच्यानं काकांसारखंच सांगितलं की भांडू नको, असेसमेंटची कॉपी आणि निर्णयाचं कारण लेखी माग. इथं २०१४ चा केअर ॲक्ट आहे, त्यात असेसमेंटची प्रत द्यावीच लागते. प्रत आली, बघतो तर त्यात लिहिलंय "जेवण स्वतः करून घेते". सासूबाईंनी डाव्या हातानं चमचा धरला म्हणून मुलीनं कौतुकानं फोनवर सांगितलं होतं, त्याचं हे झालं.

मग कौन्सिलकडं लेखी तक्रार, तिथं नीट झालं नाही म्हणून पुढं ऑम्बुड्समनकडं, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडं. फी नसते, वकील लागत नाही, पण आधी कौन्सिलला उत्तर द्यायची संधी दिलेली पाहिजे आणि साधारण १२ महिन्यांच्या आत जायला लागतं. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली, तो ऑम्बुड्समन "चार वेळाच बाई पाठवा" असं सांगत नाही. निर्णय बरोबर का चूक यापेक्षा तो निर्णय नीट पद्धतीनं घेतला का तेवढंच बघतो. आमच्या केसमध्ये म्हणाले की रिव्ह्यू धड केला नाही, परत घरी जाऊन करा, माफी मागा. परत केला तेव्हा तीन वेळा मंजूर झालं. चार नाही, तीन. मी माझ्या बायकोला अजून सांगतो की कौतुक करताना जरा बघून करत जा.

कंदीपेढा:

इंग्लंडची गोष्ट इथं काय कामाची राव, तिथं माफी मागतात, इथं आपणच मागतो.

मिरजकर_सध्या_परदेशी:

हा हा, बरोबर. पण "कारण लेखी द्या" म्हटल्यावर दोन्हीकडच्या ऑफिसात जी शांतता पसरते ना, ती सेम असते.

कृष्णाकाठ:

काकांचं बरोबर आहे पण ते जरा जास्तच भरवसा ठेवतायत त्यांच्या जुन्या ऑफिसवर :) अर्ज दिला आणि महिनाभर उत्तरच आलं नाही तर? त्यासाठी माहिती अधिकाराची तयारी ठेवा. अर्जाला १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं असाल तर पुरावा जोडला की तोपण नाही, १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० चा स्टॅम्प.

पण यात एक मेख आहे, मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो. "पगार का बंद केला" असं विचारलं की उत्तर येतं, प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. झालं, ३० दिवस पाण्यात. त्यामुळं का, कसं, कधीपर्यंत असले शब्दच वापरायचे नाहीत. कागद मागायचा. अमुक महिन्यातल्या समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत, माझं नाव कमी केल्याच्या टिपणीची प्रत, लाभार्थी यादीतल्या माझ्या नोंदीची प्रत. कागद नाही म्हणाले तर अजून चांगलं, म्हणजे निर्णय न घेताच नाव उडवलंय हे त्यांनी लिहूनच दिलं. आणि माहिती अधिकारानं फक्त माहिती मिळते, पगार चालू होत नाही, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

पगार चालू करायला लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर बसून गाऱ्हाणं मांडायचा ठरलेला दिवस. तालुक्याचा दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला. थेट साताऱ्याला पळू नका, आधी तालुक्याला गेल्याचा टोकन नंबर लागतो, शिवाय जिल्ह्यासाठी अर्ज ठरलेल्या नमुन्यात दोन प्रतीत १५ दिवस आधी द्यायचा असतो. गावकीचं सामाईक गाऱ्हाणं चालत नाही, स्वतःचं वैयक्तिक पायजे, ते तुमचं आहेच. तिथं सगळ्या खात्यांचे लोक समोर बसलेले असतात, आणि तहसीलदारांनी सगळ्यांदेखत शाखेला विचारलं की "हे काय आहे" तर फाईल दहा मिनिटांत सापडते, मी बघितलंय.

आपले सरकारवर टाकायला हरकत नाही पण माझा अनुभव असा की "संबंधित कार्यालयास कळविण्यात आले आहे" असं लिहून तक्रार बंद करतात. संबंधित कार्यालय म्हणजे तीच खिडकी.

हळदीचं_पेव:

एक मनात आलं ते बोलू का, राग नको. मुलगा पुण्यात आहे म्हणता, मग तो काय करतो? कायदा आहे २००७ चा, आईवडिलांनी प्रांताकडं अर्ज दिला तर महिना १०,००० पर्यंत पोटगी लावता येते मुलांना, वकीलपण लागत नाही. १५०० साठी एवढी पायपीट आणि पोटचा पोरगा नामानिराळा?

माळावरचा_गडी:

ताई राग नाय. हे मीच आत्तीला एकदा बोललो होतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चहा न घेताच निघालो. ती म्हणती त्याला मी दर पंधरवड्याला पीठ धाडते, त्याच्यावर केस घालू व्हय. आणि खरं सांगू का, पोरगं वाईट नाय, त्याची कंपनी तीन महिने चालू तीन महिने बंद. तो विषय आमच्या घरात संपलाय.

उत्पन्नाच्या अटीचं मात्र कुणीतरी बोला. वर्षाला २१,००० च्या आत पायजे, म्हणजे महिन्याला १७५०. त्यात माणूस जगतो हे कुणी आणि कुठल्या साली ठरवलं देव जाणे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) हसत हसत दाखल्यावर आकडा टाकतो, आपण हसत हसत घेतो, सगळ्यांना सगळं माहीत आहे.

टपालवाले_काका:

त्या आकड्यावर मी ऑफिसात असताना किती वेळा मान खाली घातलीय विचारू नका. पुढं चला. अर्ज दिला का?

माळावरचा_गडी:

दिला. पयल्यांदा म्हणाले नुसता ठेवून जा. मी म्हणलं पोच. म्हणाले शिक्का आत साहेबांकडं आहे. म्हणलं थांबतो. पाऊण तास बाकावर बसलो, आत्तीनं पिशवीतनं शेंगा काढल्या, शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना पण दिल्या, तेवढ्यात शिक्का सापडला. तारीख पुसट आलीय पण आवक नंबर पेनानं ठसठशीत लिहून घेतलाय.

एजंट बाहेरच होता. म्हणला, "काय, झालं का?" मी नुसता कागद दाखवला.

माळावरचा_गडी:

अपडेट. २२ व्या दिवशी उत्तर आलं, पोस्टानं, चक्क सहीशिक्क्यासकट. काकांचं शंभर टक्के खरं निघालं. "वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्याने संजय गांधी योजनेतून नाव कमी करण्यात आले असून श्रावणबाळ योजनेकरिता परिपूर्ण प्रस्ताव सादर करावा." मुलाचा एका शब्दानं उल्लेख नाय! म्हणजे त्या मॅडमचं "असंल की" हे निव्वळ हवेतलं, आणि आम्ही मात्र आठ दिवस मुलाच्या पगाराची स्लिप गोळा करत बसलो होतो.

पण जानेवारीपासूनच्या पैशाबद्दल पत्रात अवाक्षर नाय. कमी केल्याचं आधी कळवलं असतं तर तेव्हाच प्रस्ताव दिला असता की नाय आम्ही?

टपालवाले_काका:

हेच वाक्य, जसंच्या तसं, लोकशाही दिनाच्या अर्जात टाका. "कळविले नाही" हा शब्द ठळक. पत्राची झेरॉक्स जोडा, पहिल्या अर्जाची पोच जोडा. आणि श्रावणबाळचा प्रस्ताव वेगळा द्या, त्याची वेगळी पोच घ्या, दोन्ही कागद एका टाचणीत अडकवू नका, नाहीतर एकाच्या नादात दुसरा पडून राहतो. समितीची बैठक कधी आहे ते शाखेत विचारून ठेवा, त्याच्या आत प्रस्ताव पोचला पायजे.

कंदीपेढा:

मी अजून म्हणतो, अध्यक्षांना एक फोन टाका.

कृष्णाकाठ:

टाका की, पण आवक नंबर सांगूनच टाका. नंबर नसला की त्यांचा पीएपण "बघतो" म्हणतो.

माळावरचा_गडी:

प्रस्ताव दिला काल. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो, सगळं ई-सेवा केंद्रातनं भरून घेतलं. दुसरी पोच मिळाली. तिसऱ्या सोमवारची तयारी चालू आहे, आत्ती म्हणती मीपण येणार, मला त्या खिडकीतल्या बाईला बघायचंय.

आणि तिनं एक नवीन काढलंय, शिक्क्याचे दोन्ही कागद लॅमिनेशन करून आण म्हणती, घडीवर फाटतात म्हणून. मी म्हणलं आत्ती, सोमवारी त्याच्यावर परत शिक्का मारायला लागला तर प्लास्टिकवर कुठनं मारायचा. तर आता दोन्ही कागद पिशवीत, वहीच्या पुठ्ठ्यात घालून, वरनं रबर लावून ठेवलेत.